मांडीवर मावणारी वाकळ

निपाणीला रेल्वे नाही. पुणे-बेंगळुरू महामार्ग गावाला लागून जातो. विमान धरायचे तर उत्तरेला कोल्हापूरचे उजळाईवाडी गाठायचे, नाहीतर दक्षिणेला बेळगावचे सांबरा. दोन्ही विमानतळ जुने. कोल्हापूरचा १९३९ साली संस्थानाच्या काळात झाला, सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली ब्रिटिश हवाई दलासाठी बांधली गेली. पण या भागातल्या साध्या घरांतली माणसे विमानात बसू लागली ती अलीकडे. सांबऱ्याची नवी इमारत २०१७ साली झाली आणि २०१९ पासून ‘उडान’ योजनेत तिथून अनेक शहरांना विमाने सुटू लागली. त्यांत बेंगळुरूला नोकरी करणारी मुले असतात, सुट्टी संपवून निघालेले जवान असतात, आणि पुढे मुंबई किंवा बेंगळुरूहून लेकीसुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेल्या आज्याही असतात. या आज्यांच्या सामानात बाळासाठी जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे असते. ते बहुधा घरी बसून पुरे केलेले असते. ते अर्धेच शिवून बरोबर न्यावे आणि उरलेले विमानतळावर, विमानात आणि तिकडे पोहोचल्यावर शिवावे, असे मला सुचवायचे आहे. त्यासाठी लागणारी रीत बाहेरून आणावी लागत नाही. ती खानापूरपासून हल्याळ-मुंडगोडपर्यंतच्या जंगलपट्ट्यात आधीपासून आहे, आणि विमानाच्या आसनाला ती जगातल्या नावाजलेल्या रीतींपेक्षा जास्त सोयीची आहे.

आधी आपली नेहमीची वाकळ कशी होते ते पाहू. जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी धुऊन, वाळवून, त्यांच्या शिवणी उसवून घेतात. झाडून घेतलेल्या जमिनीवर तळाला एक धड लुगडे पसरतात. त्यावर विटक्या-फाटक्या कापडांचे थर येतात. एक कापड अपुरे पडले की तिथे दुसरे लावतात. सगळ्यांत वर पुन्हा एखादे बऱ्यापैकी लुगडे, इरकली नाहीतर शहापूर-वडगावच्या मागावरचे. दोघी-तिघी कोपऱ्यांना बसून कापड ताणतात, कोपऱ्यांवर वजन ठेवतात आणि लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवतात. मग खरा धावदोरा सुरू होतो. कडेने एक फेरी, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, अशा चौकोनी फेऱ्या मध्यापर्यंत जातात. यातले कच्चे टाके आळस म्हणून टाळता येत नाहीत. सुई वरखाली होताना वरचा थर खालच्यापेक्षा कणभर पुढे सरकतो. एका टाक्यात ते दिसत नाही, पण वीतभर शिवले की जाणवते आणि मध्यापर्यंत पोहोचताना झोळ पडतो. तो झोळ अडवायला कच्चे टाके लागतात, आणि कच्च्या टाक्यांसाठी मोकळी जमीन लागते. म्हणजे वाकळेला जमीन हवी असते ती मांडणीसाठी. एकदा मांडणी झाली की धावदोऱ्याला मांडी पुरते. विमानात काय नेता येईल याचे उत्तर या फरकातून निघते.

वाकळेला प्रवास नवा नाही. पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीत वळकट्या बांधून वाकळा जातात. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या गाडीत त्या असतात आणि रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्येही त्या पायांवर ओढलेल्या दिसतात. प्रवासाला गेली ती पुरी झालेली वाकळ. शिवण्याचे काम मात्र घरच्या जमिनीवरच राहिले. दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायकासुद्धा सुईदोरा घेऊन येत आणि गिऱ्हाइकाच्या अंगणात मांडणी करून बसत. त्यांचे कौशल्य फिरते होते, पण प्रत्येक नग एका अंगणाला बांधलेला असे. आता तीच मोकळी जमीन कमी झाली आहे. बेळगावच्या नव्या वसाहतींतल्या दोन खोल्यांच्या घरात सात फूट लांब आणि पाच फूट रुंद वाकळ दोन दिवस पसरून ठेवायला जागा नसते, आणि तिच्या चार कोपऱ्यांना बसायला चार शेजारणीही एका वेळी मोकळ्या नसतात. त्यातच तयार ब्लँकेट स्वस्त झाले आहे. अशा काळात जे हातकाम फक्त मोठ्या जमिनीवरच होऊ शकते, ते जमिनीबरोबर जाते. म्हणून त्याचा मांडीवर होणारा भाग वेगळा काढून जपणे मला महत्त्वाचे वाटते.

प्रवासात शिवायचे काम म्हणून पाश्चात्त्य जगात सर्वांत जास्त नाव घेतले जाते ते कागदावर कापड दुमडून षटकोन जोडण्याचे. जाड कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापडाची कड दुमडून टाचायची आणि असे तुकडे कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडत जायचे. रीत जुनी आणि सुंदर आहे. ब्रिटनमधल्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात १७१८ साल घातलेले रेशमी तुकड्यांचे एक पांघरूण आहे, त्याचे तुकडे असेच कागदावर घडवलेले आहेत. षटकोन मुठीत मावतात, एका डबीत पन्नास बसतात, त्यामुळे ते प्रवासाला सोयीचे आहेत यात शंका नाही. पण या रीतीत प्रवासात होतो तो फक्त वरचा पदर. त्याच्या आतला थर, खालचे अस्तर, सगळ्यांची मांडणी, कच्चे टाके, सगळ्या थरांतून जाणारा धावदोरा आणि शेवटी कडेची पट्टी हे सगळे घरी आल्यावरच. ज्या अडचणीसाठी आपण वाट शोधत होतो ती पसरण्याची अडचण तशीच राहते, फक्त पुढे ढकलली जाते. शिवाय षटकोन मोजून कापावे लागतात, त्यासाठी तीक्ष्ण हत्यार लागते, कागद तयार ठेवावे लागतात. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेले षटकोनांचे डबे याच कारणाने अनेक घरांत असतात: जोडणी झाली, पण वाकळ झाली नाही.

आता सिद्दी बायकांची कवंदी पाहा. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले. पोर्तुगिजांच्या आणि अरब व्यापाऱ्यांच्या काळात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी अनेकजण गोव्याकडून निसटून घाटातल्या जंगलांत राहिले. आज त्यांची वस्ती मुख्यतः उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात आहे. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत आणि कवंदी तिन्ही घरांत शिवली जाते. अमेरिकी कला-अभ्यासक हेन्री ड्रुअल यांनी या कामावर लिहिले, बायकांची सहकारी संस्था उभी राहायला हातभार लावला, आणि आज जपानपासून अमेरिकेपर्यंत हाताने शिवणारे लोक कवंदी हे नाव ओळखतात. तिची रीत अशी. तळाला एक धड कापड, बहुधा जुनी साडी. त्याची कड आत दुमडायची, त्या कडेवर पहिल्या तुकड्याची दुमडलेली कड ठेवायची आणि सगळे थर एकाच धावदोऱ्यात घ्यायचे. शिवत पुढे जायचे, तुकडा संपला की त्याच्यावर दुसऱ्याची कड चढवायची. कोपऱ्याशी वळायचे. एक फेरी झाली की आतली फेरी, पुन्हा नवे तुकडे, असे करत मध्यावर येऊन थांबायचे. चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात. त्यांना फुला म्हणतात आणि त्यांच्याशिवाय कवंदी उघडी, अपुरी मानली जाते.

या रीतीत तीन गोष्टी एकदम सुटतात. पहिली, वरचा पदर जोडणे आणि थर एकमेकांना शिवणे ही दोन कामे वेगळी राहत नाहीत. एक टाका दोन्ही करतो. दुसरी, कड आधीच दुमडलेली असल्यामुळे शेवटी पट्टी लावायची उरत नाही. तिसरी आणि सर्वांत मोठी, कच्च्या टाक्यांची गरज जवळजवळ संपते. वरचा पदर अखंड कापडाचा असेल तर पुढे सरकणारा कण-कण मध्ये साठतो आणि झोळ होतो. इथे वरचा पदर शिवणीबरोबरच तयार होत असतो. पुढे सरकलेले कापड पुढच्या तुकड्याच्या दुमडीत जिरते, कारण मध्य अजून मोकळा आहे. आतला थर तेवढा तीन-चार ठिकाणी लांब टाक्यांनी धरून ठेवला की पुरे. जमिनीची जी गरज वाकळेला अपरिहार्य वाटत होती, ती या शिवणक्रमाने दूर होते. शिवाय काम कुठेही थांबवता येते. कुठवर आलो ते कापडच दाखवते: शेवटच्या टाक्याच्या बाहेरचे सगळे पक्के, आतले सगळे मोकळे. मोजपट्टी लागत नाही, नकाशा लागत नाही, खुणेचा खडू लागत नाही. विमानतळावर नाव पुकारले की घडी घालायची आणि उठायचे, पुन्हा बसल्यावर सुई होती तिथूनच पुढे जायचे.

प्रत्यक्षात किती आणि काय न्यायचे? पुरी वाकळ तीन-चार किलोची असते आणि देशांतर्गत विमानात हातातल्या पिशवीला साधारण सात किलोची मर्यादा असते, म्हणून पुऱ्या वाकळेचा विचार सोडावा. बाळाचे दुपटे योग्य. नव्वद सेंटिमीटर चौरस धरू. फेऱ्यांमध्ये दीड सेंटिमीटर अंतर ठेवले तर क्षेत्रफळाला अंतराने भागून धावदोऱ्याची लांबी निघते: ५४ मीटर. हेच गणित सात फूट लांब, पाच फूट रुंद वाकळेला लावले तर ती दोनशे मीटरच्या वर जाते. तुकडे बसवत, दोरा ओवत, सराव असलेल्या हाताने तासाला दोन-अडीच मीटर होतील असा माझा अंदाज आहे, म्हणजे दुपट्याला बावीस ते सत्तावीस तास. तळाला घरातले सर्वांत मऊ लुगडे घ्यावे, आत धोतराचा एक थर कडेपासून थोडा आत ठेवावा, वर खणाचे, लुगड्याच्या काठाचे, सदऱ्याचे तुकडे. खण बाळाच्या अंगाला टोचेल इतका कडक असेल तर तो आधी अनेकदा धुऊन घ्यावा, नाहीतर वगळावा. तुकडे घरीच फाडून न्यावेत. सुती कापडाला कडेशी छोटा चिरा देऊन फाडले की ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटते, आणि कड आत दुमडली जाणार असल्यामुळे दशा दिसत नाहीत. निघण्याआधी पहिली पूर्ण फेरी आणि चारही फुला घरीच शिवून घ्याव्यात. कोपरे वळवायला थोडी सपाट जागा लागते. ती घरी असते, विमानात नसते. त्यानंतरचे काम सरळ रेषेचे आहे.

पहिला आक्षेप सुरक्षेचा. सुई विमानात कशी नेऊ देतील? नियम देशोदेशी सारखे नाहीत. अमेरिकेत शिवणाच्या सुया हातातल्या पिशवीत चालतात. २००१ च्या हल्ल्यानंतर घातलेली कात्रीवरची बंदी तिथे डिसेंबर २००५ मध्ये सैल झाली, आणि पाती जिथे जोडलेली असतात तिथपासून टोकापर्यंत चार इंचांपेक्षा लहान कात्री चालू लागली. मात्र आत पाते लपवलेले गोल दोराकापे तिथेही मोठ्या सामानातच टाकावे लागतात. भारतातल्या विमान कंपन्यांच्या मनाई असलेल्या वस्तूंत कात्री, ब्लेड, चाकू ठळकपणे असतात, आणि तपासणीच्या पट्ट्याशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याचा निर्णय शेवटचा असतो. म्हणून घरून निघतानाच कात्री मोठ्या सामानात टाकावी आणि प्रवासाचे काम तिच्याशिवाय होईल असे आखावे. कवंदीच्या रीतीत ते जमते. तुकडे फाडलेले असतात. दोरा साठ-साठ सेंटिमीटरचा घरीच कापून, सगळ्या धाग्यांची सैल वेणी घालून ठेवावी. एकेक धागा ओढला की निघतो आणि टोक शिवणीत लपवायचे असल्यामुळे वाटेत कापावे लागत नाही. साठ सेंटिमीटरच्या धाग्यात सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर शिवण होते. लांबच्या प्रवासालाही चाळीस धागे भरपूर होतात. दाभण अजिबात नेऊ नये, तिची गरजही नाही. तीन थरांना साधी आखूड सुई आणि एक अंगुस्तान पुरते. सुया दोन-तीनच, कापडाच्या घडीत टोचून, उघड दिसतील अशा ठेवाव्यात. लपवलेली टोकदार वस्तू संशय वाढवते. दुसरे पाकीट मोठ्या सामानात असावे. एवढे करून कोणी अडवलेच तर सुई देऊन टाकावी, वाद घालू नये. नुकसान एका सुईचे होते, काम सुरक्षित राहते.

दुसरा आक्षेप शेजाऱ्याच्या बाजूने आहे, आणि तो पहिल्यापेक्षा गंभीर आहे. अरुंद आसनात कोणी सुई चालवत असेल तर बाजूच्या माणसाला धास्ती वाटणारच. याचे उत्तर दोऱ्याच्या लांबीत आणि जागेच्या निवडीत आहे. धागा ओढताना हात बाहेर जातो तो धाग्याच्या लांबीएवढा, म्हणून आखूड धागा ही शिष्टाचाराची पहिली अट. उजव्या हाताने शिवणाऱ्याने वाट आपल्या उजवीकडे येईल असे आसन घ्यावे. बेळगावहून उडणाऱ्या छोट्या एम्ब्रेअर १४५ विमानात डाव्या अंगाला एकेकच आसन असते आणि वाट त्याच्या उजवीकडे येते, तिथे प्रश्नच मिटतो. खाद्यपदार्थांची गाडी येताना हात आवरावा. विमान वर चढताना, उतरताना आणि हेलकावे घेत असताना सुई कापडात आडवी खोवून काम घडी घालून ठेवावे, कर्मचाऱ्यांनी सांगण्याची वाट पाहू नये. बसताना सुया मोजाव्यात आणि उठताना पुन्हा मोजाव्यात. आसनाच्या फटीत राहिलेली एक सुई पुढच्या प्रवाशाला किंवा त्याच्या लहान मुलाला टोचू शकते. दिव्याचा झोत लहान असतो, म्हणून गडद कापडावर गडद दोरा घेऊ नये. शेजारी अस्वस्थ आहे असे दिसले तर काम ठेवून द्यावे. या अटी पाळता येत नसतील तर विमानात शिवू नये, आणि हे मी शिवणाच्या बाजूने असूनही म्हणतो.

तिसरा आक्षेप: बेळगाव ते बेंगळुरू विमान सुमारे तासभराचे, त्यात काय होणार? हवेतल्या तासात खरोखर फार होत नाही. चढणे-उतरणे वगळले तर अर्धा तास उरतो, म्हणजे एक मीटर. पण विमानप्रवासातला मोठा वेळ हवेत जातच नाही. देशांतर्गत विमानाला दोन तास आणि परदेशी विमानाला तीन तास आधी पोहोचायचे, मध्ये विमान बदलायचे तर आणखी बसायचे, उशीर झाला तर त्याहून जास्त. निपाणीहून सांबऱ्याला सुमारे पाऊणशे किलोमीटर, तो वेळ शिवायचा नाही, कारण धक्क्यांच्या रस्त्यावर सुई धोक्याची. पण प्रतीक्षागृहातली खुर्ची स्थिर असते, उजेड चांगला असतो, कोपर मोकळे असते. माझ्या हिशेबात विमानाचे दुपटे अर्ध्याहून जास्त जमिनीवरच शिवले जाते. मुंबई ते न्यूयॉर्क पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणात झोप, जेवण, फिरणे वगळून तीन-चार तास काम झाले तरी पुष्कळ. उरलेले तिकडच्या मुक्कामात होते. दुपटे बाळाच्या आधी पुरे झालेच पाहिजे असेही नाही. नातवाच्या उशाशी बसून शेवटच्या फेऱ्या घातल्या तर लेकीला, जावयाला ती रीत डोळ्यांसमोर शिकता येते. घरून पुरे करून नेलेले दुपटे हे शिकवू शकत नाही.

इथे एक वेगळा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे योग्य नाही. प्रत्येक मोकळ्या वेळेत बाईच्या हाताला काम हवेच का? निपाणीत हा प्रश्न पुस्तकी नाही. या गावाने मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या पिढ्या पाहिल्या आहेत. पाने आणि जर्दा घरी आणायचा, स्वयंपाक, मूल, शेजारीण यांच्यामधून मिळेल तो वेळ कामाला लावायचा, आणि मजुरी हजार विड्यांवर मोजायची. तेही मांडीवर मावणारे, कुठेही थांबवता येणारे काम आहे, आणि त्याने बायकांचा विसावाच खाऊन टाकला. म्हणून ‘कुठेही नेता येते’ एवढ्यानेच एखादे काम चांगले ठरत नाही. फरक मालकीत आहे. विडीत किती, कशी आणि केव्हा हे दुसरा ठरवतो. दुपट्यात तुकडा कुठे बसवायचा, कधी थांबायचे, कोणासाठी शिवायचे हे शिवणारीच ठरवते. ज्या प्रवाशाला झोप हवी त्याने झोपावे. पण पुष्कळांना, विशेषतः पहिल्यांदाच विमानात बसलेल्या वयस्कर माणसांना, परक्या भाषेतल्या सूचना ऐकत रिकाम्या हाताने तासन्‌तास बसणे जड जाते. ओळखीचे काम हातात असले की माणूस निवांत होतो. हे फक्त बायकांसाठी आहे असेही समजू नये. बेळगावच्या शिंप्यांच्या दुकानांत हातशिलाई करणारे पुरुषच जास्त दिसतात. धावदोरा मुलालाही एका बैठकीत येतो.

चौथा आक्षेप जाणकारांचा: दुपटे म्हणजे वाकळ नव्हे, आणि तुटक तुटक शिवलेल्या कामात टाके एकसारखे येत नाहीत. पहिला भाग मान्य. दुपट्यात वाकळेचे वजन नाही, ऊब नाही, आणि ती एकत्र बसून मांडण्याची बैठक तर नाहीच. पण वाकळेतले जे अवघड अंग आहे, म्हणजे सगळे थर एका ताणात ठेवत सरळ धावदोरा घालणे, कड दुमडणे, कोपरा वळवणे, रंगाशेजारी रंग ठेवणे, ते दुपट्यात पूर्ण येते. ज्याने दोन दुपटी शिवली तो मोठ्या वाकळेच्या बैठकीला बसू शकतो. ज्याने काहीच शिवले नाही तो फक्त पाहत राहतो. टाक्यांचे म्हणाल तर थकलेल्या हाताचे टाके लांबतात आणि ताजा हात बारीक घेतो, हे घरातल्या कामातही होते. कवंदीत त्याचा दोष ठरत नाही, कारण तिची शोभा तुकड्यांच्या मांडणीवर आणि फेऱ्यांच्या घट्टपणावर असते. मजबुतीसाठी मात्र एक पथ्य आहे. विमानात घातलेली प्रत्येक फेरी उतरल्यावर सपाट जागी हाताने चापून पाहावी, आणि कापड गोळा झाले असेल तर तेवढा दोरा उसवून सैल करावा. एका फेरीचा दोष लगेच काढला तर सोपा असतो, दहा फेऱ्यांनंतर काढता येत नाही.

राहिला प्रश्न उसनवारीचा. सिद्दी बायकांची रीत आपण उचलायची, आणि तीही विमानाने फिरणाऱ्यांनी? ज्या समाजाच्या बायकांनी ही कला गरिबीत, रात्री अंग झाकण्यासाठी जपली, त्यांना त्यातून काय? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याचे उत्तर वागण्यातून द्यावे लागेल. ज्या रीतीने शिवतो तिचे नाव कवंदी म्हणूनच घ्यावे, ती सिद्दी बायकांची आहे हे शिकवताना सांगावे, आणि विकत घ्यायची तर त्यांच्याकडूनच घ्यावी. मराठी वाकळ, कन्नड कौदी आणि सिद्दी कवंदी या एकाच टापूतल्या, एकाच जुन्या सुती कापडावर वाढलेल्या रीती आहेत. त्यांच्यात देवघेव पूर्वीही होती. पण देवघेव म्हटले की देणेही आले. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ‘अवसर’ योजना स्थानिक बचत गटांना विमानतळावर विक्रीसाठी जागा देते, आणि सांबरा विमानतळ प्राधिकरणाचाच आहे. तिथे खानापूरच्या गटांनी पहिली फेरी आणि फुला शिवून तयार केलेली, फाडलेल्या तुकड्यांची आणि दोऱ्याच्या वेणीची पिशवी विकायला ठेवली, तर प्रवाशाला सुरुवातीचा अवघड भाग तयार मिळेल आणि त्या अवघड भागाची मजुरी ते काम येणाऱ्या हातांना मिळेल. सुई तपासणीच्या नियमात बसेल तशी प्रवाशाने स्वतः आणावी.

यावरून माझा निष्कर्ष असा. वाकळ टिकवायची म्हणून मोठ्या वाकळा कपाटात जपून ठेवणे किंवा प्रदर्शनात टांगणे पुरेसे नाही, कारण त्यातून वाकळ राहते पण शिवणारा हात राहत नाही. हात राहायचा असेल तर आजच्या माणसाच्या वेळेत आणि जागेत बसेल असा कामाचा भाग त्याला दिला पाहिजे. विमानाचे आसन ही त्यातली सर्वांत अडचणीची जागा आहे: जमीन नाही, कात्री नाही, उजेड थोडा, शेजारी जवळ. तिथे जे जमते ते बसस्थानकावर, दवाखान्याच्या बाकावर, मुलाच्या शिकवणीबाहेर थांबतानाही जमेल. काठापासून मध्याकडे जाणारी आपल्या भागातली शिवण या परीक्षेत उतरते, आणि त्यासाठी तिच्यात काहीही बदलावे लागत नाही. परदेशी निघालेल्या आजीने म्हणूनच दुपटे पुरे करण्याची घाई करू नये. पहिली फेरी घरी घालावी, चार फुला लावाव्यात, आणि सुया मोजून निघावे.